खिडकीची जाळी धुतली तरी पंधरा दिवसांत परत काळी आणि चिकट होते, काय काय करून बघितलं आणि शेवटी कशाने थांबलं

आमचा फ्लॅट पुण्यात, सिंहगड रोडपासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावर. खिडक्या सगळ्या थ्री ट्रॅक स्लायडिंगच्या, म्हणजे दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं, हल्ली बहुतेक बिल्डिंगमध्ये असतं तसंच. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, खिडकी बंद केली की त्यांना गुदमरायला होतं आणि उघडी ठेवली की संध्याकाळी डास, त्यामुळे आमच्या घरात जाळी ही रोजच्या श्वासाशी जोडलेली गोष्ट आहे. आणि तीन वर्षं हाच प्रकार चालला होता की जाळी धुवायची, दोन दिवस मस्त वारा यायचा, आणि पंधराव्या दिवशी बोट फिरवलं की परत काळं. किचनची तर आठवड्यातच चिकट. वाऱ्याची झुळूक आली की जाळीवरची धूळ सरळ त्यांच्या पलंगावर यायची आणि रात्री खोकला सुरू. म्हणून मी हा विषय जरा हट्टाने धरला. ओळखीत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडेही हेच रडगाणं निघालं, तर आता जे समजलंय ते सगळं एकदा सविस्तर लिहून टाकते.

मूळ गोष्ट आधी सांगते. जाळी इतक्या लवकर परत घाण होते याचं कारण बाहेरची धूळ हे अर्धंच आहे, उरलेलं अर्धं कारण म्हणजे ती मागच्या वेळी पूर्ण साफ झालेलीच नसते. आपल्याकडे जी काळी किंवा करडी जाळी सगळ्यात जास्त असते, जिला दुकानात फायबर जाळी म्हणतात, तिचा धागा काचेच्या तंतूंचा असतो आणि वरून पीव्हीसीचं आवरण असतं. साधारण एका इंचात एकीकडून १८ आणि दुसरीकडून १६ धागे, म्हणजे एकेक भोक जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. जिथे आडवा धागा उभ्या धाग्यावरून जातो तिथे बारीक खाच तयार होते आणि घाण बसते ती त्या खाचेत. आपण बघतो भोकं, ती मोकळी दिसली की वाटतं झालं, पण खाचेत चिखल, तेल नाहीतर साबण राहिलेला असतो आणि नवीन धूळ त्यालाच येऊन चिकटते. स्वच्छ गुळगुळीत धाग्यावर धूळ बसते पण झटकली की जाते. खरखरीत किंवा चिकट धाग्यावर बसली की जात नाही. एवढा एकच फरक आहे, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आता माझी पहिली चूक, जी मला वाटतं दहातली नऊ घरं करतात. शटर काढायचं, बाथरूममध्ये भिंतीला टेकवायचं आणि सरळ बादलीभर पाणी ओतायचं. बघायला बरं वाटतं, काळं पाणी भसाभसा वाहतं. पण कोरड्या धुळीवर पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि मग तुम्ही ब्रशने घासता तेव्हा तो चिखल त्या खाचांमध्ये लिंपला जातो, अगदी जमीन सारवल्यासारखा. आमच्या आजूबाजूला सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं त्यामुळे धुळीत सिमेंटही असणार, आणि सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट होतं हे वेगळं सांगायला नको. तर ओल्याचं काम करायच्या आधी कोरडं काम पूर्ण करायचं, ही या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याचं मऊ केसांचं तोंड लावून दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवा, जाळी आत ओढली जाऊ द्यायची नाही, तोंड नुसतं टेकवायचं. नसेल तर रंगकामाचा तीन-चार इंची मऊ ब्रश, नवीन आणून फक्त याच कामाला ठेवा. शटर गॅलरीत आडवं धरून आधी मागून हलक्या चापट्या मारायच्या मग ब्रश. झाडूने फटके मारू नका, त्याने जाळी सैल पडते आणि रबरातून सुटते. आणि हे करताना तोंडाला मास्क लावा, ज्यांना दमा आहे त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, कारण जे उडतं ते फार बारीक असतं.

फक्त एवढा एक बदल केला आणि बेडरूमची जाळी पंधरा दिवसांच्या जागी दीड महिना नीट राहिली. मला स्वतःला खरं वाटत नव्हतं.

पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे म्हणून इथेच सांगते. कबुतरं. जाळीवर किंवा खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर कबुतरांची घाण वाळून बसली असेल तर ती अजिबात कोरडी घासायची नाही, व्हॅक्युमही लावायचा नाही. त्याची पूड हवेत उडते, त्यातून बुरशीचे आणि इतर संसर्ग होऊ शकतात आणि सतत श्वासातून जात राहिली तर फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येऊ शकते, दम्याच्या माणसाला तर ते आणखीच वाईट. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो एवढा वाद झाला तो याच आरोग्याच्या मुद्द्यावरून होता. तिथे उलटं करायचं, आधी साबणाच्या पाण्याचा स्प्रे मारून दहा मिनिटं पूर्ण भिजू द्यायचं, हातात मोजे आणि तोंडाला मास्क, मग जुन्या वर्तमानपत्राने किंवा टिश्यूने उचलून पिशवीत बांधून टाकायचं. त्यानंतर तो तुकडा धुवायचा. मग बाकीची जाळी कोरडी साफ करायला घ्यायची ती हा भाग वाळल्यावर.

आता तुमच्या जाळीवर नेमकी कसली घाण आहे ते ओळखायचं, कारण एकाच घरातल्या चार खिडक्यांची चार तऱ्हा असते आणि आपण सगळ्यांना एकच उपाय करतो. सोपी पद्धत आहे. कोरड्या जाळीवर बोट फिरवा, बोटाला करडी भुकटी लागली आणि चोळली की निघून गेली तर ती नुसती रस्त्याची धूळ. बोट अडकल्यासारखं झालं, डाग पिवळट तपकिरी लागला आणि नुसत्या पाण्याने हात धुऊन जात नाही तर ते तेल. जाळी दिसायला स्वच्छ पण कोपऱ्यावर साधं पाणी शिंपडून चोळलं आणि फेस आला तर मागच्या धुण्यातला साबण राहिलाय. पांढरे ठिपके, नखाने खरवडले तर निघतात, हे बोअरच्या पाण्यातले क्षार. आणि पावसाळ्यात काळे गोल ठिपके, विशेषतः वेल्क्रोवाल्या कापडी जाळीवर, ते कितीही पुसले तरी जात नाहीत, ती बुरशी.

साबण राहण्याचा मुद्दा मला सगळ्यात उशिरा लक्षात आला. मी काय करायचे, जास्त घाण दिसली की जास्त लिक्विड घालायचे, फेस भरपूर आला की समाधान वाटायचं, आणि मग वरून एक मग पाणी मारून शटर लावून टाकायचे. तो साबण धाग्यावर वाळून चिकट थर होऊन बसायचा आणि त्यावर धूळ अक्षरशः चिकटायची. आता अर्ध्या बादली कोमट पाण्याला एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड, बस. आणि धुण्याला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट वेळ खळबळायला. हँड शॉवर असेल तर उत्तम, नसेल तर मगाने, पण पाणी आतल्या बाजूने मारायचं म्हणजे जी बाजू घराकडे असते त्या बाजूने, कारण धूळ बाहेरून येऊन बसलेली असते, तिला आली त्या दिशेने परत ढकलायचं. खाली पडणारं पाणी हातात घेऊन बघा, बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत मारत राहा. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर शेवटचा एक मग पिण्याच्या पाण्याचा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके उठणारच. उठलेच असतील तर एक लिटर पाण्यात एक चमचा लिंबूसत विरघळवून स्पंजने लावा, पाच मिनिटांनी धुऊन टाका, जास्त वेळ ठेवू नका.

घासायला काय वापरावं यावर लोक फार वाद घालतात. तारेची घासणी नको, हिरवी खरखरीत घासणी पण नको, दोन्हींनी पीव्हीसीचं आवरण खरवडतं आणि मग तिथून पुढे कायमची घाण बसायला जागा होते. मऊ ब्रश किंवा भांड्यांचा पिवळा स्पंज. जाळी कशावर तरी आडवी ठेवा, मी जुनी चादर चार पदरी करून बाथरूमच्या फरशीवर टाकते आणि वर शटर, म्हणजे दाब दिला तरी जाळीला खालून आधार मिळतो आणि ती पोटासारखी खाली येत नाही. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने मग आडव्या, गोल गोल नाही. एक बाजू झाली की पालथं करून दुसरी. हे कंटाळवाणं आहे पण एका शटरला मोजून बारा-पंधरा मिनिटं लागतात.

प्रेशर जेटबद्दल पण लिहिते. एका दिवाळीच्या आधी आम्ही घर साफ करणाऱ्या लोकांना बोलावलं होतं, त्यांनी पाच शटरं गच्चीवर नेऊन जेटने धुतली. पाच मिनिटांत पाचही चकाचक, आणि दोन जाळ्या कडेच्या रबरातून सुटल्या, तिसरीचे धागे एका जागी सरकून मोठं भोक पडलं. पैसे परत मिळाले नाहीत आणि जाळ्या नव्याने बसवाव्या लागल्या. जेट फ्रेमला चालेल, जाळीला नको.

आता किचन. इथे मी खूप दिवस अडकले होते कारण बेडरूमला जे जमलं ते इथे जमेना. कोरडं साफ केलं, साबणाने धुतलं, खळबळलं, आणि तीन आठवड्यांत परत चिकट. मग एक दिवस नीट उभं राहून बघितलं की फोडणी देताना धूर जातो कुठे. शेगडीच्या बाजूलाच दीड हातावर खिडकी, एक्झॉस्ट फॅन दुसऱ्या भिंतीत वर, आणि मी फॅन लावायचे तो धूर झाल्यावर. म्हणजे मोहरी तडतडली, तेलाचे बारीक कण उडाले, ते जवळची वाट म्हणून खिडकीकडे गेले, जाळीतून बाहेर जाताना तिला चिकटले, आणि मग फॅन सुरू. उपाय तसा साधा निघाला. कढई ठेवायच्या आधीच फॅन लावायचा, काम झाल्यावर आणखी दहा मिनिटं चालू ठेवायचा, आणि फोडणी किंवा तळण चालू असताना शेगडीजवळच्या खिडकीची काच ओढून घ्यायची, हवा यायला घरातली दुसरी खिडकी उघडी ठेवायची. मग हवा त्या खिडकीतून येते आणि फॅनमधून जाते, धूर जाळीकडे फिरकत नाही. ज्यांच्या किचनची खिडकी डक्टमध्ये उघडते त्यांचा प्रश्न जरा अवघड आहे कारण खालच्या सगळ्या मजल्यांच्या फोडण्या वर येत असतात, तिथे जाळी जास्त वेळा पुसण्याला पर्याय नाही.

आणि पुसणं वेळेवर का, तर तेल जुनं होऊ द्यायचं नाही. जवसाचं तेल क्रिकेटच्या बॅटला लावतात, लाकडाला लावतात, ते हवेत राहून हळूहळू घट्ट होतं आणि थर बनतो, हे तुम्हाला माहीत असेल. सूर्यफूल, करडई, सोयाबीन या तेलांचंही कमीजास्त तसंच होतं, शेंगदाण्याचं जरा हळू. हवेतला ऑक्सिजन लागून तेल आधी चिकट होतं मग डिंकासारखं मग जवळजवळ वॉर्निशसारखं. किचनमधल्या वरच्या फळीवरच्या डब्यांच्या झाकणांवर जो तपकिरी थर असतो तो हाच. आठवड्याचं तेल साबणाच्या पाण्याने एका हातात निघतं, सहा महिन्यांचं तेल कशानेच धड निघत नाही. म्हणून मी आता दर शनिवारी किचनची जाळी शटर न काढता, मायक्रोफायबरचं फडकं लिक्विडच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळून दोन्ही बाजूंनी पुसते, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. हो, इथे आधी कोरडी धूळ झटकणं होत नाही, पण आठवड्यात फार धूळ साठत नाही आणि जी असते ती तेलात बसलेली असते, झटकून जातही नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

आधीच जुनं तेल बसलेलं असेल तर काय? शटर आडवं ठेवून भांड्यांचं लिक्विड अर्धं पाणी मिसळून स्पंजने जाळीवर दोन्हीकडे लावा, पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, वाळायला लागलं तर कोमट पाण्याचा शिडकावा द्या, मग मऊ ब्रश आणि कोमट पाणी. पाणी हाताला सोसेल एवढंच गरम, उकळतं नको. एकदा निघालं नाही तर दुसरी फेरी तिसरी फेरी, पण जोर वाढवू नका, वेळ वाढवा. इथे सगळे सांगतात धुण्याचा सोडा टाका, आणि सोडा तेल कापतो हे अगदी खरं आहे, पण लक्षात घ्या की तुमच्या जाळीची चौकट ॲल्युमिनियमची आहे. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, चमक जाऊन ती पांढुरकी डागाळते, माझ्या एका शटरची खालची पट्टी अशीच कायमची खराब झाली. जाळीच ॲल्युमिनियमची असेल तर तो विचारच सोडा. नुसती सुटी काढता येणारी वेल्क्रोची कापडी जाळी असेल तर तिला कोमट पाण्यात साधी कपड्यांची पावडर टाकून अर्धा तास भिजवा, तिथे धातूच नसतो, काही बिघडत नाही. रॉकेल, थिनर असलं काही फायबरच्या जाळीला लावू नका, आवरण फुगतं आणि कडक होतं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, मी पण तसं केलं होतं. एक आम्ल एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात, फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्याने तेल निघत नाही. सोडा आणि व्हिनेगर वेगवेगळ्या कामाला वेगवेगळे उपयोगी आहेत, व्हिनेगर बुरशीला चांगलं, व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म करून बुरशीच्या ठिपक्यांवर लावायचं, अर्ध्या तासाने धुवायचं आणि जाळी पूर्ण खडखडीत वाळवायची. मात्र ब्लीच वापरलं असेल तर त्याच्या जवळपास व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर काही आणू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये ते फार धोक्याचं आहे. खरं तर ब्लीच या कामाला लागतच नाही, ॲल्युमिनियमलाही ते चालत नाही.

जाळी कुठली आहे हे कळत नसेल तर एका कोपऱ्यात नखाने हलकेच दाबून बघा, कापडासारखी परत जागेवर आली तर फायबर, दाबलेली खूण तशीच राहिली तर ॲल्युमिनियम. स्टीलची कडक असते, चमकते, आणि तिला हे सगळं सगळ्यात सोपं पडतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात समुद्राची खारी हवा आहे, तिथे ॲल्युमिनियमच्या जाळीवर जी पांढरी पावडर येते ती धूळ नसून धातू गंजल्याची खूण आहे, कितीही धुतली तरी परत येणार. तिथे साध्या पाण्याने वरचेवर मीठ धुऊन काढणं हाच उपाय, आणि बदलायची वेळ आली तर फायबर घ्या किंवा स्टीलच घ्यायचं तर ३१६ ग्रेड विचारून घ्या, ३०४ पेक्षा ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

शटर काढणं आणि लावणं. जाळीचं शटर दोन्ही हातांनी वर उचलायचं, वरच्या खाचेत ते आणखी थोडं सरकतं, मग खालची बाजू आतल्या अंगाला ओढायची. निघत नसेल तर वरच्या ट्रॅकमध्ये एखादा स्क्रू किंवा प्लास्टिकचा तुकडा अडवायला लावलेला असतो, तो आधी काढायचा. ओढाताण करू नका. शटर नेहमी आत ओढायचं, बाहेरच्या बाजूला कधीच झुकवायचं नाही, आणि वरच्या मजल्यावर असाल आणि बाहेर ग्रील नसेल तर हे एकट्याने करूच नका, स्टुलावर चढून तर नाहीच. माझा नवरा शटर धरतो आणि मी काढते, असंच चालू आहे. जमत नसेल तर जागेवरच पुसा, थोडं कमी साफ होईल पण चालेल, खाली कोणाच्या डोक्यावर शटर पडण्यापेक्षा ते बरं. लहान मुलं असतील त्या घरांना आणखी एक सांगते, जाळी डास अडवते, माणूस अडवत नाही, मूल टेकलं तर ती रबरासकट निघून येते. जाळी धुऊन घट्ट बसवली म्हणजे खिडकी सुरक्षित झाली असं समजू नका.

शटर बाहेर असताना ट्रॅक साफ करायचा, ही माझी दुसरी मोठी चूक होती, मी जाळी धुवायचे आणि त्याच मातीने भरलेल्या ट्रॅकमध्ये बसवायचे. शटर सरकवलं की ती माती उडून परत जाळीवर, आणि वाऱ्याने पण. इथेही आधी कोरडं, अरुंद ब्रशने माती एका टोकाला आणून व्हॅक्युमने किंवा सुपलीत उचलायची, मग जुना टूथब्रश आणि ओलं फडकं. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला छोटी भोकं असतात, एका खिडकीला दोन किंवा तीन, ती बहुतेक घरांत पूर्ण बुजलेली असतात आणि लोकांना ती आहेत हेच माहीत नसतं. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येतं म्हणून सगळे बिल्डरला नावं ठेवतात, सिलिकॉन भरून घेतात, आणि पुष्कळदा कारण एवढंच असतं की ट्रॅकमध्ये पाणी साठून आत ओसंडतंय. खराट्याचा एक हीर घ्या, भोकात घालून फिरवा, मग अर्धा मग पाणी हळूहळू ट्रॅकमध्ये ओता आणि बघा बाहेर जातंय का. हे मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करून टाकायचं. आमच्या हॉलच्या खिडकीतून दरवर्षी येणारं पाणी या हिराच्या काडीने थांबलं, त्याआधी दोनदा सिलिकॉन भरून झालं होतं.

त्याच वेळी शटरच्या कडेला जी केसाळ पट्टी असते ती बघा. ती झिजून टक्कल पडलं असेल तर जाळी कितीही अखंड असली तरी डास तिथून येतात. हार्डवेअरच्या किंवा ॲल्युमिनियमवाल्याच्या दुकानात फुटावर मिळते, जुनी ओढून काढायची नवीन सरकवायची. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे जाळी फक्त संध्याकाळी ओढून उपयोग नाही.

वाळवणं. ओली जाळी परत बसवली की पहिल्या तासातच रस्त्याची धूळ त्यावर चिकटून बसते आणि तुमची सगळी मेहनत तिथेच अर्धी जाते. शटर उभं करून चौकट दोनदा जमिनीवर हलकेच टेकवा म्हणजे भोकांत अडकलेलं पाणी गळतं, कोरड्या फडक्याने टिपा, मग सावलीत वाऱ्याला किंवा घरात पंख्याखाली तासभर. रोजच्या उन्हाने फायबर तसंही कडक होतच असतं, मुद्दाम कडक उन्हात ठेवून आणखी घाई कशाला. आणि सकाळी लवकर सुरू करा, दुपारी वारा सुटला की गॅलरीत वाळत घातलेली जाळी परत धुळीने भरते.

किती दिवसांनी? आमच्याकडे बेडरूम आणि हॉल पंधरा दिवसांनी फक्त कोरडा ब्रश किंवा व्हॅक्युम, शटर न काढता, आतल्या बाजूने. पूर्ण धुणं वर्षातून तीनदा, मेच्या शेवटी, गणपतीनंतर पाऊस ओसरला की, आणि फेब्रुवारीत. दिवाळीला मी मुद्दाम धूत नाही कारण नंतर फटाक्यांचा धूर आणि थंडीतली धूळ येतेच, तेव्हा फक्त कोरडं साफ करते. रस्त्यालगत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे जास्त वेळा करावं लागेल.

काही जाळ्या मात्र साफ करण्यापलीकडे गेलेल्या असतात. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर धागा तुटत असेल, ब्रश फिरवल्यावर काळी भुकटी किंवा बारीक कुसं पडत असतील तर आवरण गेलंय आणि आतले काचेचे तंतू उघडे पडलेत, ती घासत बसू नका, हातालाही खाज येते. बदला. घरी बदलता येते, कडेचं रबर स्क्रू ड्रायव्हरने उचलून ओढायचं, नवीन जाळी चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवून पसरायची, रबर खाचेत दाबत जायचं, त्यासाठी छोटा चाकाचा रोलर मिळतो, आणि वरचं कटरने कापायचं. जाळी ताणू नका, ताणली की चौकट आत वाकते आणि शटर ट्रॅकमध्ये अडकतं. जुनं रबर कडक झालं असेल तर तेही नवीन घ्या. एखादाच धागा तुटला असेल तर त्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब लावा, भोक वाढत नाही. बोटाएवढं भोक असेल तर जाळीचाच तुकडा ठेवून बारीक नायलॉनच्या दोऱ्याने शिवायचा.

गॅलरीच्या दाराला जी घडीची जाळी असते, सरकवली की चुण्या पडून एका बाजूला गोळा होते, तिला यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. तिच्या आतून बारीक दोऱ्या गेलेल्या असतात, त्या ओढल्या किंवा भिजल्या की घड्या वाकड्या पडतात आणि दार नीट सरकत नाही. ती पूर्ण उघडी पसरवून मऊ ब्रशने वरून खाली, मग फडकं जवळजवळ कोरडं वाटेल इतकं पिळून अलगद टिपायचं, घासायचं नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मिटायची नाही, नाहीतर घड्यांच्या आत बुरशी धरते. खालच्या पट्टीत केस आणि धागे गुंडाळले जातात तेवढे चिमट्याने काढून घ्यायचे.